दोष तारेत होता

११ जानेवारी, शनिवार. सकाळ.
नव्या वर्षाचा संकल्प थोडा उशिरा, पण पक्का. रोज लिहायचं. मोठे वादक लिहून ठेवतात. ठेवत असावेत.

काल माजी सैनिकांच्या वेटरन्स हॉलमध्ये फिश फ्रायला, म्हणजे तळलेल्या मासळीच्या जेवणाला, जमलेल्या गर्दीपुढे वाजवलं. वादन उत्तम. माझं तरी. पण मधल्या सुट्टीत मिल्ट म्हणाला, "वेंडेल, लेका, मी ठोका देतो आणि तू पाय पुसून, जोडे काढून, मग आत येतोस." मिल्ट हॉगन आमचा ड्रमर. वीसेक वर्षांची दोस्ती, त्यामुळे वाटेल ते बोलायचा परवाना. लॉर्ना गाते. तिचं म्हणणं, उशिरा येतो त्याचं काही नाही, येतो तो शेजारच्या घरात शिरतो. सगळे हसले. मीही हसलो. खिलाडूवृत्ती.

व्हॅनमध्ये विचार केला. माझी बोटं वेळेवर पडतात, हे मला आतून कळतं. म्हणजे उशीर बोटांच्या पुढे कुठेतरी होतो. बोटांपुढे माझी बेस गिटार, खालचे जाड सूर देणारी. गिटार चांगली आहे. पुढे आवाज मोठा करणारा अँप. तोही चांगला आहे. आणि अँपमधून दोन स्पीकरच्या पेट्यांकडे जातात त्या केबल्स! बारीक, जुनाट, बुटाच्या नाडीसारख्या. नळीच बारीक, तर पाणी काय धो धो येणार?

निदान झालं. बायकोला, डोरीनला, तिथल्या तिथे सांगितलं. ती पेट्या उतरवत होती. "हं," म्हणाली. पेट्या तीच उचलते. माझ्या बोटांना जपावं लागतं, हे लग्नाच्या वेळीच ठरलंय.

१४ जानेवारी, मंगळवार
म्युझिकच्या दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, एवढ्याशा अंतराला कुठलीही बरी स्पीकर केबल चालेल, आवाजात काडीचा फरक पडणार नाही. मी विचारलं, तू बेस वाजवतोस का? नाही म्हणाला. मग झालं तर.

तयार केबल्स पाहिल्या. सगळ्या लेच्यापेच्या. ठरवलं, स्वतः बनवायच्या. फक्त प्लग घेतले. तार अशी हवी की पाहणाऱ्याने आधी घाबरावं, मग ऐकावं.

१९ जानेवारी, रविवार
तार मिळाली! आणि कुठे, तर आमच्याच गॅरेजमध्ये, भिंतीवर गुंडाळून. नारिंगी, अंगठ्याएवढी जाड. निसर्ग कलावंताला देतो तो असा. करवतीने मधोमध कापली.

ही थंडीत डोरीनच्या गाडीचं इंजिन रात्रभर गरम ठेवायला वीज देणारी तार होती, असं नंतर कळलं. पण हिवाळा आता उताराला लागलाय.

२० जानेवारी, सोमवार
उणे सव्वीस. सरोवरावरून वारा असा, की नाकातले केस गोठले. डोरीनची गाडी सुरूच झाली नाही. किल्ली फिरवली की म्हातारा खोकल्यासारखा आवाज, मग तोही बंद.

आज तिच्या आईचा वाढदिवस. आई टू हार्बर्स गावातल्या वृद्धाश्रमात असते, नव्वदीची. डोरीनने काल केक केला होता. तिने व्हॅन मागितली. मी समजावलं, व्हॅनमध्ये पेट्या भरलेल्या आहेत. त्या उतरवायच्या, परत चढवायच्या, उद्या तालीम. ती म्हणाली, "उतरवणार मी, चढवणार मी. तुझं काय जातं?" मी म्हटलं, मुद्दा तत्त्वाचा आहे. तत्त्व कुठलं, ते त्या क्षणी आठवलं नाही. पण तोवर ती कोट काढून बसली होती.

तिने आईला फोन केला. आईने विचारलं, "कोण बोलतंय?" डोरीनने नाव सांगितलं. आई म्हणाली, "डोरीन येणार आहे आज, फोन ठेवा, ती बाहेर उभी असेल."

डोरीन बराच वेळ खिडकीशी उभी होती. केक वाया गेला नाही. लिंबाचा होता. बरा झाला होता.

२६ जानेवारी, रविवार
निर्मितीचा दिवस. तारेच्या आत तीन तारा निघाल्या: काळी, पांढरी, हिरवी. हिरवीची गरज नाही. उरलेल्या दोन प्लगच्या दोन स्क्रूंना बांधायच्या. कुठली कुठे, हा घोळ नवशिक्यांचा. तांबं ते तांबं.

पहिली केबल दुपारी झाली. मग सॉनात बसून वाफ घेतली, बिअर घेतली. दुसरी त्यानंतर. दुसरी जास्त सहज जमली. हात बसला होता.

डोरीनने दारातून विचारलं, "दोन्ही सारख्याच बांधल्यास ना?" मी म्हटलं, हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवताना वर बटाटे कसे लावायचे हे मी तुला सांगतो का? सांगतो, पण ती गोष्ट वेगळी.

केबल्स जमिनीवर ठेवल्या तर अजगर झोपल्यासारख्या दिसतात. फोटो काढले.

८ फेब्रुवारी, शनिवार
तालमीला केबल्स नेल्या नाहीत. पदार्पण मोठ्या प्रसंगीच करायचं. प्रसंगही आला: मिल्टच्या मुलीचं, केटलिनचं लग्न, बावीस तारखेला, आणि नाचाला आमचाच बँड.

मिल्टने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तू त्या दिवशी पाहुणा म्हणून ये ना. नीट जेव. डोरीनबरोबर नाच. किती वर्षांत नाचला नाहीस तिच्याबरोबर." केवढं मन या माणसाचं! मी म्हटलं, मित्राच्या मुलीच्या लग्नात मी खुर्ची गरम करत बसू? शक्य नाही. तो म्हणाला, "खरंच बस रे. बसलास तर मला आनंदच होईल." मी म्हटलं, संकोच करू नकोस.

तिकडून लॉर्ना ओरडली, "मिल्ट, सांग ना त्याला स्पष्ट!" मिल्ट बुटांकडे बघत राहिला. हळवा झाला असावा. मुलगी सासरी जाणार म्हटल्यावर व्हायचंच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार
विजय! विजय! विजय!

पहिल्या गाण्यापासून हॉल नाचत होता. एरवी आमच्या पहिल्या तीन गाण्यांना लोक कोशिंबिरीकडे जातात. काल कोशिंबीर तशीच राहिली. वॉकर घेऊन आलेली एक आजी वॉकर सोडून नाचली. लॉर्नाचा आवाज असा लागला, की मीच ऐकत राहिलो. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग अँपकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. डोळ्यांत आश्चर्य.  

मला स्वतःला माझा आवाज थोडा कमी येत होता. साहजिक आहे. जाड तारेतून आवाज कुठेही न सांडता थेट लोकांपर्यंत जातो, वाजवणाऱ्यापाशी उरतच नाही. नवरदेवाचा बाप मिल्टला म्हणाला, "तुम्ही इतके चांगले असाल असं वाटलं नव्हतं." मी मागेच उभा होतो. मान लववली.

एकच अपघात. नवरदेवाचा कोणी काका नाचता नाचता स्टेजला येऊन धडकला आणि त्याच्या पायात अडकून एका पेटीची केबल निघाली. आणि निघाल्याबरोबर माझा बेस हॉलमध्ये असा घुसला, जणू कोणी अस्वल सोडलं. केटलिनचा पाय चुकला, ती नवऱ्याच्या पायावर पडली. लोक थांबून एकमेकांकडे बघू लागले. मिल्ट चालू गाण्यात ड्रम सोडून उठला, सुटाबुटात गुडघ्यांवर रांगत गेला आणि केबल स्वतःच्या हाताने खोचली. पुन्हा सगळं सुरळीत. लोक पुन्हा नाचायला लागले.

माझ्या केबलवाचून बँड कोसळतो, याला आणखी पुरावा कशाला? डोरीनला म्हटलं, पाहिलंस? ती म्हणाली, "पाहिलं."  पेट्या भरायला गेली.

१ मार्च, शनिवार
एक शंका. केबल निघाली तेव्हा आवाज वाढला. एक पेटी बंद पडली की आवाज कमी व्हायला हवा. आठवडाभर डोक्यात हेच.

आज तपासलं. धुराच्या अलार्ममधली बॅटरी काढून दोन्ही केबल्सना आळीपाळीने लावली. एका पेटीतला स्पीकर पुढे उडी मारतो. दुसऱ्या पेटीतला मागे जातो.

म्हणजे दुसरी केबल उलटी बांधली गेली आहे. एक पेटी हवा ढकलते, तेव्हाच दुसरी ती गिळते. दोघी मिळून शून्य. लग्नात मी वाजवलेलं लोकांपर्यंत पोचलंच नाही.

बॅटरी परत धुराच्या अलार्ममध्ये बसवली.

मग प्रकाश पडला. माझ्याशिवाय लोक एवढे नाचले, तर माझ्यासकट किती नाचतील! दोन स्क्रूंचं काम. मंगळवारी बँडला सांगून सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं.

(दुसरी केबल बांधताना डोरीन मध्येच बोलली होती. नोंद करून ठेवतो.)

४ मार्च, मंगळवार
सांगितलं.  आमचा गिटारवाला कर्ट हसायला लागला, तो इतका की त्याला माझ्याच पेटीवर बसावं लागलं.

मी स्क्रूड्रायव्हर काढला. लॉर्ना म्हणाली, "त्या तारेला हात लावलास तर बोटं मोडीन तुझी." मला वाटलं थट्टा. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. "ऐक वेंडेल. त्या लग्नात आम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरे वाजलो. घरी जाऊन मी रडले. मला वाटायचं मलाच गाता येत नाही. माझी अर्धी जिंदगी मला वाटत आलं, की मलाच गाता येत नाही."

मी मिल्टकडे पाहिलं. म्हटलं, हा तरी माझ्या बाजूने काही बोलेल. तो बोलला. "तू उभा राहा की. तुला कोण जा म्हणतंय? व्हॅन तुझी, पेट्या तुझ्या, स्टेजवर तुझी जागा आहे. वाजव तुला हवं ते. फक्त तार आहे तशी राहू दे."

इतक्या मायेने बोलला, की भांडताही आलं नाही.

म्हटलं, विचार करून सांगतो. घरी येऊन डोरीनला सगळं सांगितलं. म्हटलं, निदान ती तरी चिडेल. ती हात पुसत म्हणाली, "मग त्या पेट्यांतले स्पीकर काढून ठेव ना. हलक्या होतील."

९ मार्च, रविवार
निर्णय: मान्य करायचं. मोठेपणा कोणीतरी दाखवायला हवा.

खरा निर्णय: पंधरा तारखेच्या नाचाला गुपचूप तार सुलटी करायची. कोणाला कळायच्या आत हॉल माझा. स्क्रूड्रायव्हर कोटाच्या खिशात ठेवला आहे.

१६ मार्च, रविवार
तार सुलटी केली नाही. हॉलमध्ये अंधार होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक बसत नव्हतं. शिवाय लॉर्ना आवाज तापवत होती, आणि चांगला लागला होता.

पहिली दोन गाणी मन लावून वाजवली. अगदी वेळेवर. तिसऱ्यात मुद्दाम चुकीचे सूर वाजवले. कोणी वळलं नाही. मग हळूच वाजवणं थांबवलं. दोन्ही हात खाली सोडले आणि उभा राहिलो. मिल्ट डोळे मिटून वाजवत होता. कर्ट हसत होता, पण मला नाही. खाली माणसं मावत नव्हती.

एवढ्या गर्दीतून डोरीन वाट काढत स्टेजपाशी आली. वर माझ्या हातांकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं होतं. सबंध हॉलमध्ये तिच्या एकटीच्या. मी गुडघ्यावर बसून कान खाली नेला.

म्हणाली, "रिकामाच आहेस ना? मागच्या खोलीतून थोड्या खुर्च्या आण. म्हाताऱ्यांना बसायला नाहीत."

गिटार उतरवली. खुर्च्या आणल्या, उलगडून भिंतीशी लावल्या. एका आजोबांना हात धरून बसवलं. परत स्टेजकडे आलो, तर तेच गाणं चालू होतं आणि छान चाललं होतं. वर चढलो नाही. आणखी खुर्च्या लागतील का, ते विचारायला गेलो.