वरच्या विहिरीची बाटली

१४ डिसेंबर २००३

प्रिय करुणा,

सप्रेम जयभीम. सोबतची बाटली आधी नीट ठेव, आणि प्रबंधाचं ते चौथं प्रकरण सरांच्या हाती देण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यावरून आई. कुळीथ पेरून झाले. पोस्टातला काशीराम विचारत होता, मुलगी डॉक्टर होणार म्हणजे सुई टोचणार का? म्हटलं, नाही रे, ती लोकांचे मुतखडे आणि विहिरींचं पाणी यांचं नातं शोधते. त्यानं लगेच खिशातून डबी काढून स्वतःचा खडा दाखवला. जपून ठेवलाय, काय सांगू!

गेल्या रविवारी तुझा फोन आला. वरच्या वाडीची विहीर आणि आपली, आठ महिने मी पाठवलेल्या दोन्ही बाटल्यांतले क्षार अगदी सारखे निघाले, म्हणजे गावाखाली एकच झरा आहे, असं किती आनंदानं सांगत होतीस. मी 'वा' म्हणालो आणि फोन आईकडे दिला. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

माझी आई त्या वरच्या विहिरीपासून दहा हात लांब हंडा ठेवून उभी राहायची, कुणी वरून ओतेल या आशेवर. तिच्या पदराला धरून मीही. आता मला कुणी अडवलं नसतं, वरच्या वाडीतली निम्मी माणसं माझ्या छड्या खाऊन शिकलीत. पण पाखाडी चढायला लागलो की माझेच पाय अर्ध्या पायऱ्यांवर थांबायचे. मग खाली येऊन दोन्ही बाटल्या आपल्याच विहिरीवर भरायचो आणि चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या चिकटवायचो. पाणी ते पाणी, त्यात काय, असं मनाला समजावायचो. आणि हाच मास्तर तीस वर्षं पोरांना बजावत होता, प्रयोगवहीत दिसेल तेच लिहा! तुझे आठ महिने मी पाण्यात घातले, पोरी. फार लाज वाटते.

आज सकाळी मात्र चढलो. विहिरीवर मथुरावहिनी होत्या. मला बघून म्हणाल्या, "मास्तर, हकडनं या, तकडं शेवाळ हाय." आणि दोरी माझ्या हातात दिली. एवढं एक वाक्य ऐकायला माझी आई हवी होती. पाणी मीच ओढलं, बाटली भरली, मग ओंजळभर प्यायलोसुद्धा. चवीवरून काही कळलं नाही, ते तुझं काम. आता वर्षभर दर महिन्याला मीच चढणार. पदवी उशिरा मिळेल, मिळू दे. दोन्ही पाणी एक निघतं का तेवढं तपासून कळव. वेगळं निघालं तरी बिचकू नकोस, या वेळी चिठ्ठी खरी आहे.

तुझाच,
आप्पा