नरतुरंगाचे मागचे पाय

हॉर्नबी, क्राइस्टचर्च
१४ नोव्हेंबर २०१७

प्रिय दीनानाथ,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटतंय. गेले सहा महिने मी तुला अहो-जाहो करत आले. ते मानानं नव्हतं, हे तुलाही कळत होतं. माणसाला चार हात लांब ठेवायचं असलं की मी फार अदबीनं बोलते. शाळेत मुख्याध्यापकांशी अशीच बोलायचे. आज मात्र अरे-तुरेच. तू ऑफिसात आहेस, निवेदिता कामावर, इरा शाळेत. माझ्या बॅगा भरून दारात उभ्या आहेत. तू चार वाजता मला विमानतळावर सोडायला येशील, तोवर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. बाहेर तुमचा तो नॉर्वेस्टर, गरम कोरडा वारा, सुटलाय, दोरीवरचे कपडे कधीच वाळलेत.

मे महिन्यात मला घ्यायला आलास, तेव्हा गाडीतच तू विचारलं होतंस. इराला कायद्यानं दत्तक घ्यायचं मनात आहे, पण तिच्या वडिलांची आई म्हणून बेबीताई, तुमचा होकार असेल तरच. इथल्या कायद्याला माझा होकार लागतच नाही, हे मला निवेदितानं नंतर सांगितलं. तू एक पाकीट हातात दिलंस, घाई नाही म्हणालास, आणि पुन्हा त्या विषयाचा चकार शब्द काढला नाहीस. मी ते न उघडताच बॅगेच्या तळाशी टाकलं. आत काय असणार याची मला खात्री होती. आपल्याकडे पोरीच्या नावामागे बापाचं नाव लागतं. माझा श्रीनाथ चौतिसाव्या वर्षी गेला, निवेदिता आणि चार वर्षांची इरा मागे ठेवून. आता त्याचं नाव जगात कुणाच्या तोंडी येत असेल तर ते या पोरीचं पूर्ण नाव घेताना. इरावती श्रीनाथ टिपणीस. त्या मधल्या जागी उद्या दीनानाथ येणार, म्हणजे माझा मुलगा दुसऱ्यांदा जाणार, असं मला वाटत होतं. आणि आता लपवून काय करू, मी इराला पुण्याला न्यायच्या इराद्यानंच आले होते. घराजवळच्या शाळेत चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

मग ते ग्रीक लोक घरात शिरले. ऑगस्टमध्ये इराच्या वर्गात त्यांच्या पुराणकथांचा आठवडा होता. रोज जेवताना कुणाच्या केसांत साप, कुणाला एकच डोळा, कुठला घोडा पंखांचा. ती इंग्रजीतून सांगायची, मी मराठीतून शंका काढायचे, आणि तू मधे बसून दोघींची समजूत घालायचास. सोमवारी वेशभूषेची मिरवणूक होती आणि इराला सेंटॉर व्हायचं होतं. अर्धा माणूस, अर्धा घोडा, एवढं तिनं मला सांगितलं. तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं? रविवारी सकाळी मी गॅरेज ताब्यात घेतलं. मैद्याची खळ शिजवली, जुने पेपर भिजवले, तुला तारेचा सांगाडा वाकवायला बसवलं, आणि दुपारपर्यंत घोड्याचं डोकं तयार केलं. फुललेल्या नाकपुड्या, लोकरीची आयाळ, कपाळावर पांढरा पट्टा. स्वतःच्या तोंडानं सांगते, देखणं झालं होतं. दुसरं काही माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं रे. गणपती बघ, नरसिंह बघ, हयग्रीव बघ. आपला देव अर्धा प्राणी असला तर बहुधा वरून असतो, खाली माणूसच.

पोहून आलेल्या इरानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “आजी, इट्स द राँग हाफ,” म्हणाली आणि रडायलाच लागली. सेंटॉर वरून माणूस असतो आणि खालून घोडा, हे मला तेव्हा कळलं. मी काही बोलायच्या आत तू तिला सांगितलंस, की चूक माझी, मीच आजीला उलटं सांगितलं. तू मला काहीच सांगितलं नव्हतंस. पुढे चार दिवसांनी इराच्या वहीत तिनं काढलेलं सेंटॉरचं चित्र दिसलं. त्याच्याखाली तुझ्या अक्षरात ‘नरतुरंग’ लिहिलेलं, तारीख त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारची. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं आणि तरी तू दिवसभर माझ्यासमोर तारा वाकवत बसला होतास. मी जाब विचारला, तर म्हणालास, “तुम्ही आल्यापासून पहिल्यांदाच गुणगुणत होतात, मोडवेना.” त्यावर मी भाजी निवडायला लागले. डोळे भरले होते, ते तुला दाखवायचे नव्हते.

डोक्याला शिंगं लावून इरानं ते वर्गातल्या मनालीला दिलं, आणि ते ग्रीकांच्या बैलतोंड्या राक्षसाचं म्हणून बिनबोभाट खपलं. पण नरतुरंगाचं काय? तू कपाटातलं तपकिरी ब्लँकेट काढलंस. पुढे इरा उभी, मागे तिच्या कमरेला धरून तू वाकलेला, वर ब्लँकेट. सहा फुटांचा माणूस कमरेत दुमडून शाळेच्या मैदानाला पुरती फेरी घालत होता. बाकीचे बाप फोटो काढत उभे होते, तुझे नुसते बूट दिसत होते. बाईंनी प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवरून वाचलं. ‘श्रीनाथ’पाशी अडखळल्या, तरी वाचलं. ती चिठ्ठी तू लिहिली होतीस. तुझं नाव त्यात कुठेच नव्हतं. पुढे तीन दिवस तू पाठ शेकत होतास, आणि मी अजूनही तुला अहो म्हणत होते.

इरा झाली होती तो नरतुरंगही साधासुधा नाही, कायरॉन. बाकीचे त्याच्या जातीचे दारू पिऊन धिंगाणा घालणारे, हा एकटा शहाणा. जन्मल्यावर याचं रूप बघून आईनं टाकला, दुसऱ्यानं वाढवला. म्हणूनच की काय, याच्या गुहेत सगळी दुसऱ्यांची मुलं. कुणाची आई सोडून गेलेली, कुणाच्या बापाचं राज्य गेलेलं. त्यानं त्यांना वैद्यकी शिकवली, वीणा शिकवली, नेम धरायला शिकवलं. ती पोरं पुढे मोठी वीर झाली, पण प्रत्येक जण आपल्या बापाच्याच नावानं ओळखला गेला. यानं कुणालाही माझं नाव लाव असं सांगितलं नाही. त्याला चुकून विषारी बाण लागला. अमर असल्यामुळे मरता येईना, आणि सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणाऱ्याला आपली जखम बरी करता येईना. शेवटी दुसऱ्या एकाची सुटका व्हावी म्हणून त्यानं आपलं अमरपण देऊन टाकलं, आणि देवांनी त्याला आकाशात नेऊन ठेवला. जुलैत एकदा संध्याकाळी सहालाच अंधार पडला होता, तेव्हा तू आम्हा दोघींना अंगणात नेऊन डोक्यावरचे त्याचे दोन ठळक तारे दाखवले होतेस. पुण्याहून तो कसाबसा क्षितिजाला टेकलेला दिसतो. इथे किती उंच असतो.

त्याच्याबद्दल ऐकताना मला सारखा तूच दिसत होतास. रोज सकाळी इराची वेणी घालणारा, भांग हमखास वाकडा काढणारा. श्रीनाथच्या तिथीला न सांगता रजा घेणारा. त्याचा फोटो इराच्या खोलीत तिच्या उंचीला लावणारा, आणि पोर वाढली की दरवर्षी खिळा वर सरकवणारा. भिंतीवरची ती जुनी भोकं मी मोजली, चार आहेत. मला तुझं फार कौतुक वाटतं, दीनानाथ. हे तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.

आता पत्राचं खरं कारण. काल बॅग भरताना ते पाकीट हाती आलं आणि अखेर मी ते उघडलं. माझा चष्मा तीनदा पुसला. मुलीच्या नावात तू काहीच बदललेलं नाहीस. इरावती श्रीनाथ टिपणीस, पुढेही तेच. बाकी अर्ज सगळा भरलेला, फक्त वडील म्हणून जिथे तुझं नाव यायचं ती ओळ कोरी, आणि शेजारी बारीक पेन्सिलीनं, ‘बेबीताई हो म्हणाल्यावर.’ सहा महिने ती ओळ माझ्या लुगड्यांखाली तशीच पडून होती. तुमच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी ती न येण्याच्या निश्चयानं फाडून टाकली होती, पण त्याआधी एकदा वाचली होती. त्यामुळे तुझं पूर्ण नाव कुणाला विचारावं लागलं नाही. अर्ज टेबलावर ठेवला आहे. पेन्सिल मी खोडली, आणि त्या ओळीवर माझ्या हातानं, शाईनं लिहिलं आहे: दीनानाथ राजाराम सबनीस.

तुझीच,
आई