कालेर्वो सल्मीसाठी अर्ध्यावर झेंडा

मंगळवार, ४ मार्च
कालेर्वो सल्मी गेला. सकाळच्या बातम्यांत, हवामानाच्या आधी सांगितलं. 'धक्क्यावरचा दिवा' गाणारा फिनलंडचा आवाज कायमचा बंद झाला आणि इथे राउमा गावातले लोक गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडत बसलेत! ज्या गाण्याने गिरणीकामगारांच्या पोरांना ताठ मानेने प्रेम करायला शिकवलं, त्याची ही किंमत?
मी रडलो नाही. शोक म्हणजे कृती. दाढी बंद, बिअर बंद. शनिवारी बंदरावरच्या बारमध्ये स्मृतिसंध्या आहे. ते गाणं मीच म्हणणार. आधी थोडं बोलणार. चाळीस मिनिटं फक्त.
संध्याकाळी : बिअर शोकातच धरायला हवी. एकच घेतली. मग तिला सोबत.

बुधवार, ५ मार्च
सराव. दुसरं कडवं सारखं निसटतं. वरच्या मजल्यावरचे ओइवा (वय ९१) पाइपवर ठोकत होते. ठेका बरा धरतात.
या गाण्यावर मी आणि राइली पहिल्यांदा नाचलो, १९८३, कामगार सभागृह. राइली म्हणजे माझी आधीची बायको, हल्ली शेजारच्या पोरी शहरात असते. त्याचा स्मृतिसंध्येशी संबंध नाही. तिला कार्यक्रमाचं पत्रक पोस्टाने पाठवलं, इतकंच. दोन पाठवली. पोस्टाचा भरवसा नाही.

गुरुवार, ६ मार्च
सोसायटीच्या अध्यक्ष मिर्याबाईंकडे मागणी केली : झेंडा अर्ध्यावर आणा. त्या म्हणाल्या, तो बिल्डिंगमधलं कुणी गेलं तरच. तुझा गवई कितव्या मजल्यावर राहायचा?
म्हणालो, प्रत्येकाच्या हृदयात!
"हृदयातली माणसं मेंटेनन्स भरत नाहीत, तौनो. आणि भाषण नको, माझे कपडे मशीनमध्ये आहेत."
यावर मी जिन्यात जे उत्तर दिलं ते ऐतिहासिक होतं. दार तोवर बंद झालं होतं.
पण गेली एकोणीस वर्षं झेंडा मीच लावतो. किल्ली माझ्याकडे आहे.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी ८ : लावला. अर्ध्यावर. एकट्याने. आता दुपारपर्यंत फोन बंद, दार बंद, मौन.
११.३० : जिन्यात पावलं, कुजबुज. कोणीतरी हुंदका दिला. जनता जागी झाली!
१२.१० : दाराच्या फटीतून ऐकलं. जनतेला कालेर्वो माहीतच नाही. सगळ्यांना आधी वाटलं, ओइवा गेले. मग ओइवाच काठी टेकत खाली आले आणि म्हणाले, "गेलं कोण? मी तर नाही." मग डोकी मोजली. एक कमी भरलं. फोन न उचलणारं.
१२.१५ : दार उघडलं. मिर्याबाई किंचाळल्या. उंबऱ्यावर मेणबत्ती होती, एक. बिल्डिंगच्या सॉनाच्या, म्हणजे वाफस्नानाच्या, यादीत शनिवार सहा ते सात ही माझी एकोणीस वर्षांची पाळी खोडून शेजारच्या पिर्योने आपलं नाव घातलेलं. मी जाब विचारला. ती म्हणाली, "आता पेनाने लिहिलंय रे."
२.४० : मिर्याबाईंनी पावणेबारा वाजता राइलीलाही कळवलं होतं. ती बसने आली. काळा कोट. मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "दाढी तरी करायचीस."
म्हणालो, आलीस!
"मेलास तर यायलाच हवं. जित्या माणसासाठी कोण बस पकडतं? आणि पत्रकं दोन का?"
पोस्टाबद्दल सांगितलं.
झेंडा उतरवला. त्याची घडी घालायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक तिने धरलं. प्रत्येक घडीला एक पाऊल पुढे. शेवटच्या घडीला तिचे हात माझ्या हातांशी आले. मी गाणं गुणगुणलो.
ती म्हणाली, "आपण ह्यावर नाचलो नव्हतो. बँड जेवायला गेला होता. टेपवर कसला तरी टँगो होता. आणि तू तेव्हाही बोलतच होतास."
निघताना म्हणाली, "फोन करत जा कधी. न मरता."
चारची बस मिळाली तिला.

शनिवार, ८ मार्च
स्मृतिसंध्येला गेलो नाही. सॉना नाही तर घसा सुटत नाही.
ओइवा गेले. गाणं त्यांनी म्हटलं. फरशीतून ऐकून सगळं पाठ झालं होतं म्हणे, दुसऱ्या कडव्यासकट. लोक रडले.

रविवार, ९ मार्च
राइलीशी काय बोलायचं ते लिहून काढलं. नऊ पानं. काटछाट करून अकरा झाली.
११ वाजता फोन लावला. ती 'हॅलो' म्हणाली. पानं हातात होती. मी म्हणालो, "कालेर्वो सल्मी गेला गं."
ती म्हणाली, "हो रे."
पुढचं पानांत नव्हतं. चाळीस मिनिटं रडलो. तिने फोन ठेवला नाही. मध्ये एकदाच विचारलं, "तौनो, आहेस ना?"
आहे म्हणालो.