सांता रुफिनाच्या धुरांड्याचा लाल

मी बेलार्मिनो ओयार्सून, वडिलांचे नाव एलेउतेरियो, राहणार बारोन टेकडी, वाल्परायसो, निवृत्त ट्रॉलीबस चालक, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे नोटरीसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, मला कोणी पाजलेली नाही, आणि हे सगळे मी राजीखुशीने सांगत आहे. त्यात राजी जास्त आणि खुशी कमी आहे, एवढे समजून घ्यावे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. करू करू म्हणत मी ते कधी केलेच नाही.

मला बायको नाही, मूल नाही. क्लोतिल्दे नावाच्या एका बाईला विचारायचे माझ्या फार मनात होते. मी योग्य वेळेची वाट बघत राहिलो आणि ती एका बेकरीवाल्याची झाली. तिच्यावर माझा राग नाही, म्हणून तिचा विषय इथेच संपला.

कलम पहिले. टेकडीवरचे माझे घर, पत्र्याच्या भिंती आणि लिंबाच्या झाडासह, माझ्या बहिणीची मुलगी नोएमी हिला द्यावे. मागचे दार हिवाळ्यात फुगते, ते खालून लाथ मारून उघडायचे. नोएमी, विकायचे असेल तर खुशाल वीक, मामाला काय वाटेल म्हणून पत्रे गंजवत बसू नकोस.

कलम दुसरे. बँकेत जे शिल्लक असेल ते शेजारीण एदुविहेसबाई यांना द्यावे. मी बस चालवत असताना दिवसभर माझ्या वडिलांना त्यांनी सांभाळले, भरवले, पुसले, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या "इश्श, मला काय करायचेत पैसे" म्हणतील. तिकडे लक्ष देऊ नये. त्यांच्या छपराला भोक पडले आहे, ते मी रोज बघतो.

कलम तिसरे. माझा लहान लेथ, शिकंजा, कानशी, चिमटे, बारीक करवती आणि भिंग टेकडीखालच्या तंत्रशाळेला द्यावे. कानशी झिजल्या आहेत, पण लेथ उत्तम आहे. ब्रशही तिथेच द्यावेत. ते सगळे नवे आहेत. शाळेतल्या मास्तरांना प्रश्न पडेल की जन्मभर बोटी करणाऱ्या माणसाचे ब्रश नवे कसे, म्हणून पुढचे कलम.

कलम चौथे. घरातल्या फळ्यांवर ज्या लहान बोटी आहेत, त्या सर्व मी केल्या. आपल्या बंदरात येऊन गेलेल्या, जहाजे ओढणाऱ्या टगबोटी, मासेमारीच्या होड्या, जहाजांना पाणी नेऊन देणारे पडाव. खिळ्यांची टोकेसुद्धा खऱ्या मापाच्या प्रमाणात आहेत. आणि सगळ्या राखाडी आहेत, कारण रंगाआधीचे राखाडी अस्तर मारून झाले की माझे पाऊल पुढे पडत नसे. अस्तराखाली बोट अगदी निर्दोष दिसते. एकदा रंग लावला की तो चुकला तर चुकला, खरवडायला जावे तर कडा जातात, नक्षी बुजते. मी ब्रश हातात घ्यायचो, खिडकीशी जायचो, परत यायचो, आणि म्हणायचो, आज उजेड बरा नाही. मला भीती वाटायची, दुसरे काही नाही.

आमच्या लहान बोटी करणाऱ्यांच्या मंडळात अशा बोटींसाठी दाराजवळ, चहाच्या किटलीशेजारी, एक वेगळे टेबल असे. त्याला राखाडी टेबल म्हणत. रंग नाही तर स्पर्धा नाही, हा नियम. त्या टेबलाचा मी मालकच होतो म्हणा ना. लोक चहा घेताना माझ्या बोटींकडे बघून म्हणायचे, "काय हात आहे रे तुझा!" आणि कप खाली ठेवायला जागा शोधायचे.

या बोटी नोएमीच्या पोरांना द्याव्यात. त्यांनी त्या रंगवाव्यात, निळ्या, जांभळ्या, हव्या तशा. टबात बुडवल्या तरी माझी हरकत नाही. फक्त कोणालाही विचारायला जाऊ नये. आमच्या मंडळातल्या कोणाला तर मुळीच नाही.

कलम पाचवे. हे लांबेल, नोटरीसाहेबांनी बसून घ्यावे.

सांता रुफिना ही टगबोट. माझे वडील त्या बोटीच्या बॉयलरवर होते, जवानी तिथेच गेली. बोट भंगारात निघाली तेव्हा ते रडले होते. ते थकले, अंथरूण-खुर्ची करू लागले, तेव्हा मी ठरवले की त्यांच्या डोळ्यांदेखत सांता रुफिना पुन्हा उभी करायची. बोटीचे अंग मी साच्यातून काढले. एक अंग चांगले निघाले म्हणून दुसरेही काढले आणि ते माझ्या जिवलग मित्राला, हिनेस सांतिबान्येस याला, त्याच्या नावाच्या संताच्या सणाला भेट दिले. हिनेसचे खाली सपाटीवर रंगांचे दुकान आहे. रंग म्हटला की मंडळात त्याचाच शब्द. मंडळाच्या भिंतीवर त्याने स्वतः पाटी लावली होती: आठवण हा पुरावा नव्हे. कोणी म्हणाला, अहो, मी ती बोट लहानपणी पाहिलीय, हिरवी होती, की हिनेस त्या पाटीकडे बोट दाखवायचा. फोटो तेव्हाचे सगळे काळे-पांढरे. बोटीवरून सुटलेला रंगाचा खरा तुकडा आणा, मग बोला, असे तो म्हणायचा. आम्ही सगळे हे धर्मासारखे पाळायचो.

माझी सांता रुफिना तयार झाली. अस्तर झाले. राहिले काळे अंग, पांढरे केबिन आणि लाल धुरांडे. मी वडिलांना विचारले, "बाबा, लाल म्हणजे कसला लाल?"

"पिकल्या मिरचीचा. पण जरा काजळी बसलेला. दर वर्षी मीच तर रंगवायचो, मला विचारतोस?"

मी हिनेसला जाऊन सांगितले. तो हसला. "बेलार्मिनो, तुझे बाबा म्हणजे माझ्या वडिलांसारखे, पण म्हातारा माणूस रे. मिरचीचा लाल! कुठल्या मिरचीचा? एकदा लावलास की झालं, मग आयुष्यभर तो चुकीचा लाल बघत बसशील. थांब जरा. मी खरा तुकडा मिळवतो. भंगारवाले माझ्या ओळखीचे आहेत."

मी थांबलो. जिवलग मित्र, रंगाचा जाणकार, तो थांब म्हणतो तर कोण थांबणार नाही?

दर रविवारी कोंबडीचा रस्सा आणि मक्याचे कणीस पुढे घेऊन बाबा विचारायचे, "लावलास का रंग?"

"तुकडा मिळाला की लावतो, बाबा."

"कसला डोंबलाचा तुकडा? मी इथं ढळढळीत बसलोय की जिवंत!"

मी म्हणायचो, हिनेस बघतोय. बाबा तोंडातले हाड ताटात टाकायचे. मी दुकानात जाऊन विचारले की हिनेस म्हणायचा, "मिळेल रे, घाई कसली?" घाई बाबांना होती. त्यांच्या छातीत पाणी झाले होते.

शेवटच्या दिवसांत बाबांना ताप चढला. मी उशाशी होतो. ते माझा हात धरून म्हणाले, "चांगला लावलास रे लाल. अगदी तस्साच. धुरांडं बघितलं आणि बरं वाटलं मला." मला वाटले तापात बरळतात. बोट तर माझ्या फळीवर राखाडीच होती. मी म्हटले, "हो बाबा, निजा आता," आणि कपाळावर ओली पट्टी ठेवली. त्यानंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत.

बाबांना निरोप दिला. वसंतात मंडळाचे प्रदर्शन लागले. एदुविहेसबाई म्हणाल्या, मलाही घेऊन चल, घरात करमत नाही. आम्ही आत शिरलो तर मधल्या मोठ्या टेबलावर सांता रुफिना उभी. काळे अंग, पांढरे केबिन, लाल धुरांडे. पिकल्या मिरचीचा लाल, वर काजळी. शेजारी बक्षिसाचा कप, आणि कार्डावर नाव हिनेस सांतिबान्येस.

मी काही बोलायच्या आत एदुविहेसबाईंनी टाळी वाजवली. "अगं बाई! हीच की ती! तुझी बोट!"

मी विचारले, "माझी कशी?"

"अरे, तूच नाही का पाठवलीस बाबांना दाखवायला? हा हिनेस कापडात गुंडाळून आणायचा, तू कामावर गेलास की. पुन्हा पुन्हा आला. बाबा म्हणायचे, अजून काळपट कर, नाही नाही, फार झालं, आणि हा बिचारा डबीत ढवळत बसायचा. शेवटी बाबा म्हणाले, बस, हाच. किती खूश झाले होते रे! म्हणाले, बेलार्मिनोला सांगू नका मी डोळे पुसले ते. म्हणून मी नाही सांगितलं."

हिनेस तिथेच उभा होता. मी विचारले, "आठवण हा पुरावा नव्हता ना रे?"

तो हळू आवाजात म्हणाला, "तू कधी लावलाच नसतास, लेका. म्हातारा वाट बघून बघून गेला असता. मी तुझ्याच नावानं दाखवली त्यांना. विचार या बाईंना."

"मग कार्डावर माझं नाव का नाही?"

त्याने टेबलावरचे कार्ड सरळ केले. मग म्हणाला, "कप काय, परीक्षकांनी दिला."

मला थांब म्हणणारा हाच. माझ्या पाठीमागे माझ्या घरात बसून, मला लावू न दिलेला रंग माझ्या बापाकडून पसंत करून घेणारा हाच. माझ्या साच्यातल्या बोटीवर कप घेणाराही हाच. परक्याने केले असते तर मी शिवी देऊन विसरलो असतो. हिनेसच्या लग्नात अंगठ्या माझ्या खिशात होत्या. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. बाबांचे शेवटचे शब्द माझ्यासाठी होते आणि मी त्यांना बरळणे समजलो. ते शब्द त्याने माझ्या हातून काढून घेतले, हे मी मेल्यावरही माफ करणार नाही, असे इथे स्पष्ट नोंदवावे.

तरी माझी सांता रुफिना, आहे तशी, राखाडी, माझ्या शवपेटीत ठेवावी, आणि मला कबरस्तानाच्या भिंतीत, बाबांची पेटी ठेवलेल्या कोनाड्याशेजारी ठेवावे. तिला कोणी रंग लावू नये.

कलम सहावे. हिनेस सांतिबान्येस याला माझ्या इस्टेटीतले काहीही मिळू नये. नोटरीसाहेबांनी सांगितले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही, आणि सह्यांपूर्वी साक्षीदारांसमोर सगळा मजकूर मोठ्याने वाचावा लागतो. हे ऐकून मला बरे वाटले. तिसरा साक्षीदार म्हणून मी हिनेसलाच बोलावले आहे. नोएमीच्या हाती निरोप धाडला, सही हवी आहे, बाकी काही नाही. तो येईल. समेट होणार असे वाटून नवा टाय लावूनही येईल. त्याने खुर्चीवर बसून हे सारे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे आणि खाली सही करावी, एवढेच मला त्याच्याकडून हवे आहे.

बेलार्मिनो ओयार्सून

नोटरीची नोंद. वरील मजकूर मी तिन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला. तिसरे साक्षीदार येताना गोड पावांची पिशवी घेऊन आले होते, ती वाचन संपेपर्यंत त्यांच्या मांडीवरच होती. सही करण्यापूर्वी ते मृत्युपत्रकर्त्याला जे म्हणाले ते मृत्युपत्रकर्त्याच्या सांगण्यावरून इथे नोंदवत आहे. ते म्हणाले, "तो लाल अजून आहे माझ्याकडे. डबी घट्ट बंद करून ठेवलीय, वाळला नाही. आत्ता खाली जाऊन आणतो. तू लाव, बेलार्मिनो, तुझ्या हातानं."

मृत्युपत्रकर्ते म्हणाले, "लावतो. आणि दाखवू कुणाला?"

मजकुरात काही बदल करायचा आहे का, असे मी विचारले. मृत्युपत्रकर्त्यांनी मान हलवून नाही म्हटले आणि लेखणी तिसऱ्या साक्षीदारांच्या हातात दिली.

साक्षीदार:
ओतोन्येल वेरा, चांभार, शेजारी
दामारिस लेपे, ट्रॉलीबस डेपोतील जुन्या सहकारी
हिनेस सांतिबान्येस, रंगविक्रेता

समक्ष: फाबियान आल्दुनाते, नोटरी

स्थळ: मृत्युपत्रकर्त्याचे राहते घर, बारोन टेकडी, वाल्परायसो
दिनांक: २२ ऑगस्ट १९९६