कोरडे तांदूळ

सर, तुमच्या नावाने कॉलेजात व्याख्यानमाला सुरू होते आहे, आणि पहिल्या दिवशी तुमच्याविषयी मी बोलायचं असं ठरलं आहे. मी तुमची विद्यार्थिनी आणि आता तुमच्याच जागेवर गुन्हेगारीचं समाजशास्त्र शिकवते, म्हणून. तुमच्या बिल्डिंगमधले लोकही येणार आहेत. भाषण कालच लिहून झालं. आज त्याच टेबलाशी बसून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची दोनच वाक्यं मला तुमच्या आवाजात आठवतात. एक वर्गातलं: गुन्हा कृत्यात नसतो, बघणाऱ्यांच्या नजरेत असतो. दुसरं बिल्डिंगच्या खालचं.

आई तुमच्याकडे स्वयंपाकाला होती. भांडुपच्या डोंगरावरून उतरून मुलुंडला यायची, तुमच्या बिल्डिंगमधली आणखीही घरं करायची. मी कॉलेजात गेले ती त्याच पोळ्यांवर. तुम्ही मला पुस्तकं वाचायला द्यायचात, आणि आईला सांगायचात, "हिला थांबवू नका हं, बाई." आई ते वाक्य घरी येऊन सगळ्या चाळीला ऐकवायची. मग तुमच्या पत्नीच्या मोत्यांच्या कुड्या दिसेनाशा झाल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गावाकडच्या भगताकडून मंतरलेले तांदूळ आणले. ज्याने चोरी केली त्याचं तोंड सुकतं, त्याने चावलेले तांदूळ कोरडे बाहेर येतात, असा समज. मी त्या सकाळी तुमचं पुस्तक परत करायला आले होते.

पार्किंगमध्ये टेबल मांडलं आहे. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या उरलेल्या कागदी डिश, फुगे छापलेल्या. त्यांत थुंकायचं. रांगेत भांडीवाल्या, गाड्या पुसणारा, वॉचमन, आई. फ्लॅटवाले गॅलऱ्यांत उभे. "साब, हमको थोड़ा ज़्यादा दो, नाश्ता नहीं हुआ," वॉचमन म्हणतो. सगळे हसतात, आईसुद्धा. मग तिची पाळी येते आणि ती तुमच्याकडे वळते.

"सर, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना."

"चावून टाका हो, बाई. फॉर्मॅलिटी आहे. एकदाची तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"आणि नाही चावले तर?"

"का नाही?" सेक्रेटरी म्हणतात. "घेतलं नाहीत ना काही? मग घाबरायचं काय?"

आई चावते. बराच वेळ चावते. फुग्यांच्या डिशमध्ये पांढरी भुकटी पडते. वरून एक बाई म्हणते, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आई हात पुढे करते. "अजून थोडे द्या. आता सुटेल पाणी." कुणी देत नाही. तुम्ही लिफ्टकडे निघून जाता. पुस्तक माझ्याच हातात राहतं.

त्या दिवशी आईची तिथली सगळी घरं सुटली. थोड्याच दिवसांनी तुम्ही वर्गात हेच उदाहरण दिलंत. "एका सोसायटीत घडलेलं," म्हणालात. मी समोरच बसले होते. रांगेत एकही फ्लॅटवाला नव्हता, हे तुमच्या नजरेतून सुटलं नव्हतं. गटाला आपण स्वच्छ आहोत असं वाटायला कुणीतरी एक बाहेर काढावं लागतं, असं सांगितलंत. त्या बाईचं तोंड सुकलं कारण ती घाबरली होती, आणि घाबरली कारण निकाल आधीच लागला आहे हे तिला कळलं होतं. मी ते उतरवून घेतलं. याहून चांगलं स्पष्टीकरण मला आजवर मिळालेलं नाही. म्हणजे तुम्हाला समजत होतं, सर. अडाण्याला मी माफ केलं असतं.

पुढे तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावून हळूच म्हणालात, "कुड्या सापडल्या गं. बोरिवलीला, मुलीकडे. लग्नात घालायला हिनेच दिल्या होत्या, विसरली. आईला सांग."

"सर, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगाल?"

"आता कशाला परत तो विषय? लोक विसरतात."

लोक विसरत नाहीत, हे तुम्हीच शिकवलं होतंत. डाग लावायचा तर समारंभ होतो. पुसायला कुणी टेबल मांडत नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "सगळ्यांसमोर बोलले?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग मला काय सांगतेस? मला माहीतच होतं की."

आई आता माझ्याकडे घाटकोपरला असते. भाजीला निघाली की दारात थांबते, पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढे धरते. माझ्या घरात, माझ्यापुढे. पूर्वी मी चिडायचे. "असू दे गं," ती म्हणते, "बघून घेतलेलं बरं." तुमच्या पुस्तकांत शिक्का बसलेली माणसं शेवटी खरोखरच चोर होतात. काहीच न करता उरलेला जन्म दारादारांत पिशवी उघडून दाखवणारी बाई मला त्यांत सापडली नाही. परवा तिने विचारलं, "त्या बिल्डिंगमधली माणसं येणारेत ना? काय बोलणार आहेस तू?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

मघाशी ती झोपल्यावर मी डब्यातले चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले आणि कालचं भाषण मोठ्याने वाचायला घेतलं. सर ज्ञानाशी प्रामाणिक होते, असं त्यात लिहिलं आहे. तिथपर्यंत चावत राहिले, मग बशीत थुंकले. कोरडे होते. बशी धुऊन ठेवली. भाषणातला एकही शब्द मी बदललेला नाही.