कासवांची ओळ

प्रिय ताईस,

आज मंगळवार, ११ मार्च, दुपारचा एक वाजून वीस मिनिटं. रंगाच्या सात बशा धुऊन पालथ्या घातल्या, स्पंज पिळून खिडकीत ठेवले आणि तुला लिहायला बसलो. पाळणाघरातली बावीसही पोरं झोपली आहेत. भोंगासुद्धा झोपलाय, ज्याचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं तो. तुझा बटाटा माझ्या पायाशी, भिंतीकडे तोंड करून पडलाय. ताप नाही, दूध दोन्ही वेळा पूर्ण प्यायला, वजन आठ किलो तीनशे. हे सगळं आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या छातीत धस्स होऊ नये. पण होणारच आहे. माझ्या तर पाच तारखेपासून होतंय.

शनिवारी फोन केला तो हेच सांगायला. तू कारखान्याच्या गेटवर होतीस, मागे बायका हसत होत्या. मी तुझ्या सर्दीची चौकशी केली आणि फोन ठेवला. तू म्हणालीस, मास्तर, सर्दी विचारायला फोन केलास होय, बरा आहेस ना? बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते, लिहिताना चिकटत नाही. नववीतून शाळा सुटल्यावर तू मला रोज पानभर लिहायला लावायचीस, चुकलेला शब्द दहादा. ते आज उपयोगी पडतंय.

आमचं ठशांचं काम तुला माहीत आहे, पण नीट सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येक मुलाच्या हाताचे ठसे घ्यायचे, त्यातून चित्र करून आईबापांना दाखवायचं. रंग मीच करतो, कॉर्नफ्लॉवर शिजवून त्यात खाण्याचा रंग, कारण हात शेवटी तोंडात जाणारच. आधीची बाई फक्त उजवा हात घ्यायची. मी दोन्ही घेतो आणि कागदामागे तारीख लिहितो. मोठ्या बाई म्हणतात, तू पोरांचे ठसे घेतोस की चोरांचे? पण मला अर्धवट काम जमत नाही. तान्ह्या मुलाला रंग लागला की ते मूठ आवळतं. तेव्हा जबरदस्ती करायची नाही. हाताच्या पाठीवरून, करंगळीच्या बाजूने, एक बोट हळू फिरवायचं. मूठ आपोआप सुटते. ही माझी युक्ती. सगळ्या पोरांवर चालते, मला तिचा गर्वच होता.

बटाट्याच्या डाव्या हातावर ती कधीच चालली नाही.

तू ऑगस्टमध्ये त्याला आईजवळ, आमच्या घरी सोडून कामावर गेलीस तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. त्या वयात दोन्ही मुठी मिटलेल्याच असतात. मी मुठींचेच ठसे घेतले आणि पाय, डोकं, डोळे काढून दोन कासवं केली. सप्टेंबरात उजवा हात थोडा उघडला, त्याचं पाखरू झालं. डावीकडे पुन्हा कासव. मला वाटलं, आज त्याचा मूड नाही. पुढच्या महिन्यात वाटलं, झोप आली असेल. मग तर मला कासवाची सवयच झाली. दर वेळी पाठीवरची नक्षी वेगळी काढायचो. डिसेंबरचं हिरवं कासव तुला इतकं आवडलं की तू कागदच घेऊन गेलीस. तुझ्या शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली ना, तुमचा भाऊ कलाकार आहे? ताई, कलाकाराने काय केलं माहीत आहे का? जे बघायला हवं होतं त्याच्यावर डोळे काढले.

यंदा पाच मार्चला मोठ्या बाईंनी प्रत्येक मुलाचे सगळे महिने दोरीवर एका ओळीत लावायला सांगितले. बटाट्याच्या ओळीत डिसेंबरच्या जागी नुसता चिमटा लावला. संध्याकाळी भोंग्याची आई त्याला न्यायला आली, ओळीसमोर उभी राहिली आणि हसत म्हणाली, अहो मामा, तुमच्या भाच्याची पाखरं मोठी झाली की, कासवं मात्र हलायला तयार नाहीत! सगळे हसले. मीही हसलो. मग वळून ओळ नीट बघितली. खरंच होतं. उजवीकडचं पाखरू महिन्यागणिक वाढत गेलेलं, पंखांची पिसं मोजता येत होती. डावीकडे तेच ते कासव, ऑगस्टपासून मार्चपर्यंत.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर पाळत ठेवून आहे. डाव्या बाजूला खुळखुळा ठेवला तर तो अंगावरून उजवा हात नेऊन उचलतो. उजव्या हातात आधीच काही असलं तर ते टाकतो, पण डावा पुढे करत नाही. रांगताना डावं कोपर घासत येतो. आईला दाखवलं तर ती म्हणाली, उजवं वळण आहे पोराचं, चांगलंच आहे की! तू लहानपणी शेंबूड पुसायलासुद्धा दुसऱ्याचा हात शोधायचास, तुला काय झालं? मी दोन दिवस तिचं ऐकायचा प्रयत्न केला. रात्री त्याच्या डाव्या मुठीत माझं बोट घालून बघायचो. ती घट्ट धरते, पण मग सुटतच नाही. आधी मला ते प्रेम वाटायचं.

काल मुलांची वजनं करायला डॉक्टरीणबाई आल्या. मी सातही कागद त्यांच्यापुढे मांडले. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत, हे सगळ्यात वाईट झालं. त्यांनी चष्मा पुसला, मागच्या तारखा वाचल्या, मग बटाट्याला मांडीवर घेऊन त्याचा डावा हात, डावा पाय वाकवून पाहिला. म्हणाल्या, वर्षाच्या आत मूल एकाच हाताला धरून बसत नाही. बसलं तर दुसऱ्या हाताला काहीतरी अडचण आहे का, ते बघायला हवं. नाव मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. लवकर सुरू केलं तर व्यायामाने पुष्कळ फरक पडतो, उगाच रडत बसू नका. मी म्हणालो, मी रडत नाहीये. त्यांनी रुमाल दिला.

आता जे सांगायचं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. २२ ऑक्टोबरला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तो माझ्या हातून टेबलावरून पडला. मी लंगोट घ्यायला वळलो होतो, फक्त वळलो होतो. दोन मिनिटं रडला आणि मग माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याचा आधार घेऊन मी गप्प बसलो. काल डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी तारीख लिहून घेतली. घरी येऊन मी कागद पुन्हा काढले. ५ ऑक्टोबरचा, म्हणजे पडण्याआधी सतरा दिवसांचा, कागद बघितला. उजवीकडे पाच बोटांचं पाखरू. डावीकडे कासव. म्हणजे ते आधीपासूनच होतं. ताई, मला एक क्षण हायसं वाटलं. त्याच्या पडण्याची नाही एवढी मला त्या क्षणाची लाज वाटते. आणि मग जास्तच भीती वाटली, कारण माझी चूक असती तर ती एका दुपारची असती. हे तर पहिल्यापासून त्याच्या मुठीत होतं, आणि मी दर महिन्याला त्याला रंग देत होतो.

गुरुवारी, २० तारखेला, सकाळी साडेदहाला मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. तिथे मामा चालत नाही, आई लागते. भावजींना सुट्टी मिळाली नाही तर तू एकटी ये, मी स्टँडवर थांबतो. मला चार थपडा मारायच्या असतील तर घरी आल्यावर मार, डॉक्टरांसमोर नको. तिथे तारखा मला सांगायच्या आहेत. एक काम मात्र तुलाच करावं लागेल, म्हणून हे पत्र. डॉक्टरांना सगळे महिने सलग हवेत आणि डिसेंबर तुझ्याकडे आहे. तुझ्या उशाशी लावलेलं ते हिरवं कासव भिंतीवरून काढ, कोपरे फाटू न देता, आणि सोबत घेऊन ये. काढताना त्रास होईल, मला माहीत आहे. भिंत रिकामी दिसू नये म्हणून पाकिटात आज सकाळी घेतलेला एक ठसा ठेवलाय. डावाच आहे. याला पाय काढलेले नाहीत, डोळे काढलेले नाहीत. तो त्याचा हात आहे. हातासारखाच बघ.

तुझाच,
मास्तर