कोपऱ्याची शिवण

प्रिय एर्मेस,

एकाच गावात राहून कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. माझा फोन कंपनीचा आहे, आणि समोर येऊन सांगितलं तर तू तिथल्या तिथे भडकशील, अख्ख्या मेदा गावाला ऐकू जाईल. मी आईच्या स्वयंपाकघरात बसलेय. ती रिसोत्तोचा भात ढवळता ढवळता विचारतेय, "कुणाला लिहितेस गं? नवऱ्याला तर नक्कीच नाही." उद्या सकाळी तू कॉफीला आलास की ती हे तुझ्या हातात देईल. कारखान्यात पाऊल टाकण्याआधी वाच.

रविवारी जेवताना तू सांगितलंस की रिव्होल्ताने त्याच्या सोफ्यांच्या वर्कशॉपात कामाला बोलावलंय आणि उद्या तू त्याला नाही म्हणणार. आई खूश झाली. "ज्यांनी माझ्या हातांचा फोटो भिंतीएवढा करून कारखान्यात लावला, त्यांना सोडून कुठे जाऊ?" असं म्हणालास तू. ते हात भिंतीवर मीच लावले रे.

"आपले हात" या मोहिमेवर माझा खरंच जीव होता. जेवणाच्या हॉलमधल्या पडद्यावर आपल्याच माणसांना आपलं काम दिसावं आणि त्यातले छोटे तुकडे बाहेर इन्स्टाग्रामवर जावेत, एवढीच कल्पना. कापड कापणारा आम्ब्रोज्यो मला चिडवायचा, "हात धुऊन येऊ, की असाच मळका विकतेस मला?" आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी पडद्यासमोर खुर्ची ओढून तोच बसायचा. पुढच्या आठवड्यात मिलानच्या फर्निचर मेळ्यात तुझे हात सगळ्या जगाला दिसणार, म्हणून आईने शेजारपाजाऱ्यांना सांगून ठेवलंय.

मग आमच्या प्रसिद्धी विभागाच्या कोलनागी बाईंनी वेगळंच चित्रण मागितलं. वरून घ्यायचं, कुठेही न कापता, चेहरा नको, आणि टेबलावर मोजपट्टी दिसली पाहिजे. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. लोक चेहरा बघून थांबतात, हे तर या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ज्याला सोफा सुंदर दाखवायचाय तो चौकटीत मोजपट्टी कशाला ठेवेल? पण बाई म्हणाल्या, "संग्रहासाठी, पुढच्या पिढीसाठी," आणि मी पाघळले. तू त्या दिवशी मुद्दाम दाढी करून आला होतास. हनुवटीसुद्धा आली नाही त्यात.

आज बाईंनी त्या चित्रणावर रुमानियन भाषेत ओळी घालायला सांगितल्या. तिकडे आपलं एक गिऱ्हाईक नाही, एर्मेस. मी कारण विचारलं तर त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग सांगितलं. ऑगस्टच्या सुट्टीसाठी कारखान्याला कुलूप लागेल ना, ते शिवण विभागापुरतं पुन्हा उघडणार नाही. काम तिकडे जाणार, आणि तिकडची माणसं तुझे हात बघून शिकणार. "मेळा संपेपर्यंत हे बाहेर जाता कामा नये, लोरेदाना. तू गोपनीयतेची सही केलीयेस. तुझ्या भावाचं मला खरंच वाईट वाटतं," आणि त्याच दमात म्हणाल्या, "कोपऱ्याची शिवण तेवढी राहिलीय. ती उद्या सकाळी घेऊन टाक."

कोपऱ्याची शिवण! बाबांनी तुला शिकवलेली, कापडाखाली बोटं घालून दोरा उलटा वळवायची. रिव्होल्ताने आपला सोफा उसवून पाहिला तरी त्याला ती उमगली नाही, म्हणून तर तो तुझ्या मागे लागलाय. ती एकदा सावकाश, मोजपट्टीसकट कॅमेऱ्यात गेली की कुणालाही शिकता येईल, मग रिव्होल्ताला तरी तुझी गरज काय उरणार? मला इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय. भीतीही वाटतेय. माझी नोकरी जाऊ नये असंच मला वाटतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

म्हणून नीट ऐक. उद्या मी कॅमेरा घेऊन तुझ्या टेबलाशी येईन. बाई शेजारी उभ्या असतील. मी म्हणेन, "एर्मेस, सावकाश, आणि डावा हात जरा बाजूला घे." पुन्हा पुन्हा म्हणेन, सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडेनही. तू ऐकू नकोस. बाबा वाकायचे तसा वाक, खांद्याआड सगळं झाकून घे आणि झटक्यात शिवून टाक. मग जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन रिव्होल्ताला हो म्हण. हे पत्र एवढ्याचसाठी. मी कितीही ओरडले तरी माझ्या कॅमेऱ्यात उद्या फक्त तुझी पाठ येऊ दे.

तुझ्यावर ओरडणारी, पण तुझीच,
लोरे